एका बाइटला एक फेरी : हॅश जलद कसा काढतात

मालवणजवळ राहणारा माझा एक मित्र दशावताराचे खेळ चित्रित करतो. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की शिमग्यापर्यंत त्याचे दिवस-रात्र उलटे. संकासुर येऊन जातो, मग आख्यान रंगतं, आणि दहीकाला होईपर्यंत पूर्वेला फटफटलेलं असतं. रात्रभराचा खेळ, दोन कॅमेरे, अशा कितीतरी रात्री. हंगाम संपता संपता पाचशे जीबीचा ऐवज जमतो. आणि मग येतो आमचा पाऊस. ज्या हवेत कपाटातल्या चपलांना बुरशी येते आणि डब्यातले पापड मऊ पडतात, तिथे हार्डडिस्कचा काय भरवसा? म्हणून तो सगळं दोन डिस्कवर ठेवतो. एक घरी, दुसरी कुडाळला बहिणीकडे.

दोन्ही डिस्कवरच्या फाइली खरोखर सारख्याच आहेत ना, हे तो हॅश काढून तपासतो. ही सवय त्याला मीच लावली, त्यामुळे तक्रारही माझ्याकडेच आली. लॅपटॉप जुना, त्याची बॅटरी केव्हाच मेलेली. एका डिस्कच्या तपासणीला चार तास. मे महिन्यात सलग चार तास लाईट राहिली तर गावात बातमी होईल. तीनदा अर्ध्यावर बंद पडल्यावर त्याने फोन केला, "रे, ह्यां इतको वेळ करता तरी काय?"

प्रश्न अगदी रास्त होता. त्याला मी चहावर जे सांगितलं ते इथे जरा सविस्तर लिहितो.

हॅश म्हणजे फाइलचा ठसा. फाइल चार ओळींची असो की चाळीस जीबीची, शा-२५६ नावाची पद्धत तिच्यातून नेमका २५६ बिटांचा (बिट म्हणजे एक ० किंवा १), म्हणजे ३२ बाइटांचा एक आकडा काढते. फाइल तीच असेल तर आकडाही तोच, मग मशीन कुठलंही असो. फाइलमधला एक बिट जरी उलटला तरी उत्तरातले सुमारे निम्मे बिट बदलतात. ठशावरून मूळ फाइल उभी करता येत नाही. डंकावरून कांडून आणलेल्या मसाल्यातून धणे परत वेगळे काढता येतील का, तसंच हे. मसाल्याची उपमा मात्र इथेच थांबवतो, कारण मसाल्यात एक मिरची कमी पडली तर कुणाला कळतही नाही, आणि हॅशमध्ये सगळी चवच बदलते.

आधी केबल बघा

हॅश जलद करायचा म्हटलं की लोक लगेच प्रोग्रामकडे धावतात. मी आधी त्याची केबल बघितली. डिस्क लॅपटॉपच्या जुन्या यूएसबी २ च्या खाचेत लावली होती. तिथून प्रत्यक्षात सेकंदाला ३५ एमबीच्या आसपास माहिती येते. पाचशे जीबी भागिले ३५ एमबी म्हणजे चौदा हजारांवर सेकंद, बरोब्बर चार तास. प्रोसेसर बिचारा बहुतेक वेळ हातावर हात ठेवून बसलेला. शेजारीच निळ्या रंगाची यूएसबी ३ ची खाच रिकामी होती. केबल तिकडे लावली, फिरत्या डिस्कचा वेग शंभर एमबीवर गेला आणि काम दीड तासाच्या आत आलं. हॅशचं गणित एका अक्षरानेही बदललं नव्हतं.

दुसरी गोष्टही गणिताबाहेरचीच. पुष्कळ घरगुती स्क्रिप्ट आधी डिस्कवरून तुकडा वाचतात, मग त्याचा हॅश पुढे नेतात, मग पुन्हा वाचायला जातात. एक काम चालू असताना दुसरं थांबलेलं. सोलकढीला नारळ खवणारा आणि रस पिळणारा माणूस एकच असेल तर जसा वेळ लागतो, तसा दोन्ही कामांचा वेळ इथे एकात एक मिळवला जातो. दोन माणसं असली की पहिला पुढचा नारळ खवतो तोवर दुसरा आधीचा पिळतो, आणि एकूण वेळ फक्त हळू माणसाएवढा लागतो. कॉम्प्युटरमध्ये यासाठी दोन बफर, म्हणजे मेमरीतल्या दोन टोपल्या ठेवतात. एकात वाचन चालू, दुसऱ्यावर हिशोब चालू, मग अदलाबदल. ऑपरेटिंग सिस्टीमसुद्धा पुढचा मजकूर थोडा आधी वाचून ठेवते, पण चार-चार केबीचे चिमटे मागत बसण्यापेक्षा एकेक एमबीचा घास मागितलेला बरा.

यंदा मात्र त्याने बाहेरून लावायची एसएसडी घेतली. तिच्यातून त्याच्या यूएसबी ३ वर सेकंदाला चारशे एमबीपर्यंत यायला लागले. काम एकवीस मिनिटांत व्हायला हवं, पण लागत होती बेचाळीस. आता खरोखर प्रोसेसर मागे पडला होता. इथून पुढे हॅशच्या आतलं बघावं लागतं.

आत काय चालतं

शा-२५६ फाइलचे ६४ बाइटांचे तुकडे करतं. एका तुकड्यात ३२ बिटांचे १६ शब्द बसतात. त्या १६ शब्दांपासून फिरवाफिरव आणि बेरजा करून आणखी ४८ शब्द तयार होतात, एकूण ६४. दुसरीकडे आठ खण असतात, त्यांना आपण अ, ब, क, ड, इ, फ, ग, ह म्हणू. मग ६४ फेऱ्या चालतात. प्रत्येक फेरीत एक शब्द आणि एक ठरलेला स्थिरांक आत घ्यायचा, खणांतल्या आकड्यांचे बिट गोल फिरवायचे, एकमेकांवर एक्सॉर करायचे (दोन बिट वेगळे असतील तर १, सारखे असतील तर ०), बेरजा करायच्या, आणि दोन खणांत नवे आकडे भरायचे. हे ६४ स्थिरांक पहिल्या ६४ मूळ संख्यांच्या घनमुळांतून घेतलेत, म्हणजे कुणी मनाने निवडून त्यात चोरदार ठेवलं अशी शंका नको.

६४ बाइटांना ६४ फेऱ्या, म्हणजे एका बाइटला एक फेरी. हे एकदा लक्षात आलं की हिशोब तोंडी करता येतो. मी तो एकदा वहीत केला होता. पुस्तकात लिहिलंय तसंच्या तसं केलं तर एका फेरीत २६ प्राथमिक क्रिया होतात, शिवाय आकडे एका खणातून दुसऱ्यात सरकवण्याच्या सहा. जादा ४८ शब्द बनवायला प्रत्येकी १३. सगळं मिळवून ६४ ने भागलं की एका बाइटला सुमारे ४२ क्रिया पडतात. पाचशे जीबीला किती, ते गुणून बघा आणि मग प्रोसेसरला नावं ठेवा.

या ४२ मधल्या कुठल्या क्रिया उत्तराला धक्का न लावता गाळता येतात, हीच सगळी कारागिरी.

सगळ्यात सोपं सरकवण्याचं. प्रत्येक फेरीनंतर अ मधला आकडा ब मध्ये जातो, ब चा क मध्ये, आणि असंच पुढे. डॉक्टरांच्या बाकावर आठ जण बसलेत आणि एक जण आत गेला की बाकीचे सगळे एकेक जागा सरकतात, तसं. पण सरकायची गरज काय? नंबर कुणाचा हे आतल्या माणसाला माहीत असलं की पुरे. प्रोग्राममध्ये आठ फेऱ्या एकाखाली एक सुट्या लिहून काढतात. पहिल्या फेरीत ज्याला अ म्हटलं त्यालाच दुसरीत ब म्हणायचं. आकडा जागचा हलत नाही, नाव तेवढं बदलतं. आठ फेऱ्यांनी नावं फिरून मूळ जागी येतात, आणि ६४ ला ८ ने निःशेष भाग जातो. सहाही सरकवण्या गेल्या.

दुसरी युक्ती मला फार आवडते. प्रत्येक फेरीत 'निवड' नावाची एक क्रिया आहे. तीन बिट असतात. पहिला १ असेल तर दुसरा घ्या, ० असेल तर तिसरा घ्या. सरळ लिहिलं तर चार क्रिया लागतात. पहिला आणि दुसरा यांचा 'आणि' (दोन्ही १ असतील तरच १), पहिला उलटा करणं, त्याचा तिसऱ्याशी 'आणि', मग दोन्हींचा एक्सॉर. आता वेगळ्या बाजूने बघा. समजा पिशवीत मी तिसरा टाकूनच ठेवला. दुसरा आणि तिसरा सारखेच असतील तर पहिल्याला विचारण्यात अर्थच नाही. वेगळे असतील, आणि पहिला 'हो' म्हणाला, तरच पिशवीतलं बदलायचं. म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्यातला फरक काढा, त्याला पहिल्याची चाळणी लावा, आणि निघालेलं तिसऱ्यावर एक्सॉर करा. तीन क्रिया, उत्तर तेच. बाजारात बांगडे आधीच घेऊन ठेवले, आणि घरून फोन आला तरच बदलून सुरमई घेतली, तर फेरा एक वाचतो.

तिसरी 'बहुमत' नावाची क्रिया. अ, ब, क यांपैकी दोघांचं मत जे असेल ते उत्तर. पुस्तकी रीतीने पाच क्रिया. पण मधल्या ब चं मत धरून चाला. तो दोन्ही शेजाऱ्यांपेक्षा वेगळा असेल तर तो अल्पमतात आहे, तेव्हाच त्याचं मत उलटवा. यासाठी 'अ आणि ब वेगळे आहेत का' आणि 'ब आणि क वेगळे आहेत का' हे दोन फरक लागतात. आता बाकावरचे लोक आठवा. या फेरीतले ब आणि क हे गेल्या फेरीत अ आणि ब होते! त्यांच्यातला फरक आपण आधीच काढलेला आहे. तो जपून ठेवायचा. पाचाच्या तीन क्रिया झाल्या.

एवढं केल्यावर बाइटला ४२ च्या जागी सुमारे ३३ क्रिया उरतात. प्रोसेसर एका सायकलमध्ये, म्हणजे त्याच्या घड्याळाच्या एका ठोक्यात, अशा तीनेक उरकतो असं धरलं तर ११ सायकली. मित्राचा लॅपटॉप २.४ गिगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला २४० कोटी सायकली. भागाकार केला की सेकंदाला दोनशेच्या थोडा वर एमबी. त्याच्याकडे प्रत्यक्षात दोनशेच्या आसपासच येत होते. म्हणजे तो जो हॅशचा प्रोग्राम वापरत होता त्यात या युक्त्या आधीच होत्या. प्रोग्रामच्या चांगल्या तयार संग्रहांमध्ये, म्हणजे लायब्ररींमध्ये, त्या अनेक वर्षांपासून आहेत, आणि त्या हाताने नव्याने लिहायला बसणं म्हणजे घरी विहीर असताना दुसरी खणणं. माझा सल्ला विचाराल तर स्वतःचा हॅश शिकण्यासाठी लिहा, वापरू नका.

मग दोनशेवरून पुढे कसं जायचं?

मोठा हॅश जलद

इथे एक उलटी गंमत आहे. शा-५१२ चा ठसा दुप्पट लांब. नाव ऐकून कुणालाही वाटेल की त्याला जास्त वेळ लागणार. ते ३२ ऐवजी ६४ बिटांच्या शब्दांवर चालतं, तुकडा १२८ बाइटांचा, आणि फेऱ्या १२८ नाहीत, ८० आहेत. वरचाच हिशोब मांडला तर बाइटला सुमारे २१ क्रिया पडतात. आजचा प्रोसेसर ६४ बिटांची बेरीज ३२ बिटांच्या बेरजेइतक्याच वेळात करतो, म्हणून जुन्या लॅपटॉपवर शा-५१२ हे शा-२५६ पेक्षा दीडपट जलद पडतं. मित्राचं काम बेचाळीसवरून पंचवीस मिनिटांवर आलं. त्याला हे शेवटपर्यंत पटलं नाही, पण घड्याळापुढे बोलणार काय.

हीच तुलना नव्या मशीनवर उलटते. इंटेलने २०१३ मध्ये शा साठी खास हुकूम जाहीर केले, ते २०१६ पासून त्यांच्या काही चिपांमध्ये आले. एएमडीच्या रायझनमध्ये २०१७ पासून आहेत. फोनमधल्या आर्म चिपांतही असे हुकूम असतात. त्यातला एक हुकूम शा-२५६ च्या दोन फेऱ्या एकदम करतो. निवड, बहुमत, फिरवाफिरव, सगळं सिलिकॉनमध्येच कोरलेलं. पाटा-वरवंट्यावरून मिक्सरवर आल्यासारखं, ११ सायकलींचं काम दोनेक सायकलींत होतं. अशा मशीनवर शा-२५६ पुन्हा पुढे जातं. मित्राच्या खिशातला साधा फोन त्याच्या लॅपटॉपपेक्षा कितीतरी पट वेगाने हॅश काढत होता, हे कळल्यावर त्याने लॅपटॉपकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरणार नाही. म्हणून 'कुठला हॅश जलद' या प्रश्नाला मशीन कुठलं हे न विचारता उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

रापण आणि एकट्याचं गळ

यापुढची अडचण जरा खोल आहे. शा-२५६ मध्ये दुसरी फेरी पहिलीच्या उत्तरावर उभी असते, तिसरी दुसरीच्या. दुसरा तुकडाही पहिल्या तुकड्याच्या उत्तरावर. ही साखळी मुद्दाम ठेवलेली आहे, कारण तिच्यामुळेच सगळं एकमेकांत मिसळतं. पण तिच्यामुळेच चार कोअरच्या, म्हणजे स्वतंत्रपणे हिशोब करणाऱ्या चार भागांच्या, प्रोसेसरमधले तीन कोअर गप्प बसतात. एका माणसाने गळ टाकून बसावं आणि बाकीच्यांनी किनाऱ्यावर उभं राहून बघावं, तसं.

रापण कशी ओढतात ते ज्यांनी पाहिलंय त्यांना फरक लगेच कळेल. जाळं अर्धगोलात सोडतात, दोन्ही बाजूंचे दोर किनाऱ्यावर, आणि मग लहानथोर सगळे ओढायला. हात जितके जास्त तितकं जाळं लवकर येतं. हॅशचंही असं करता येईल का?

फाइली पुष्कळ असतील तर सहज. प्रोसेसरकडे रुंद रजिस्टरं, म्हणजे आकडे धरायचे खण असतात, २५६ बिटांच्या एका रजिस्टरात ३२ बिटांचे आठ आकडे शेजारी शेजारी बसतात, आणि एका हुकमात आठही बेरजा होतात. एका फाइलची साखळी तोडता येत नाही, पण आठ वेगवेगळ्या फाइलींच्या साखळ्या एकत्र ओढता येतात. मित्राकडे जत्रेचे हजारो फोटोही आहेत, त्यांना हे लागू पडतं. निदान वेगवेगळ्या फाइली वेगवेगळ्या कोअरला वाटून देणं तर कुठल्याही प्रोग्रामला जमतं. मात्र रात्रभराच्या खेळाची एकच अवाढव्य फाइल असेल तर हे काही कामाचं नाही.

तिथे हॅशची रचनाच बदलावी लागते. राल्फ मर्कल यांनी १९७९ मध्ये पेटंटसाठी मांडलेली कल्पना इथे उपयोगी पडते. फाइलचे तुकडे करा, प्रत्येकाचा स्वतंत्र ठसा काढा, मग शेजारच्या दोन ठशांचा मिळून एक ठसा, त्या ठशांच्या जोड्यांचा पुन्हा एक, असं करत शेंड्याला एकच उरेपर्यंत. उलट्या झाडासारखी रचना. तुकडे एकमेकांवर अवलंबून नाहीत, म्हणून जितके कोअर तितके हात.

२०२० च्या जानेवारीत आलेला ब्लेक३ हा हॅश अगदी हेच करतो. त्याचा तुकडा १०२४ बाइटांचा. एक जीबीच्या फाइलचे १० लाख ४८ हजार ५७६ तुकडे होतात, आणि त्यांचं झाड फक्त २० पायऱ्या उंच. म्हणजे झाडाच्या वरच्या फांद्यांचा खर्च किरकोळ, जवळजवळ सगळं काम पानांवर, म्हणजे फाइलच्या तुकड्यांवर, आणि पानं वाटून घेता येतात. शिवाय मधल्या ठशांची नोंद ठेवली असेल तर एका पानात बदल झाल्यावर सगळी फाइल पुन्हा चघळावी लागत नाही. ते पान आणि त्याच्यापासून शेंड्यापर्यंतच्या २० गाठी, म्हणजे जोड्यांचे ठसे, एवढंच पुन्हा काढायचं.

हे वाचून कुणी शा-२५६ वापरून घरच्या घरी असं झाड बांधायला निघेल, म्हणून आधीच सांगतो. पान कुठलं आणि गाठ कुठली हे हिशोबातच नोंदलेलं असावं लागतं. नाहीतर दोन ठसे एकाला एक जोडून कुणीतरी तीच एक 'फाइल' म्हणून पुढे करेल, आणि अगदी वेगळ्या फाइलचा ठसा तोच येईल. ब्लेक३ मध्ये पान, गाठ आणि शेंडा यांना वेगवेगळ्या खुणा दिलेल्या आहेत. घाईत बांधलेल्या झाडांत हीच खूण राहून जाते.

फेऱ्याच कमी केल्या तर?

हा प्रश्न मित्राने विचारलाच. "६४ कशाक? ३० पुरे नाय?"

आतापर्यंतच्या सगळ्या युक्त्यांत उत्तर एका बिटानेही बदललं नव्हतं. फेऱ्या कापल्या की हॅशच वेगळा होतो, आणि त्याची ताकद पुन्हा पारखावी लागते. शा-२५६ ची ३१ फेऱ्यांपर्यंत कापलेली आवृत्ती घेऊन संशोधकांनी २०२४ मध्ये एकच ठसा येणारे दोन वेगळे मजकूर प्रत्यक्ष बनवून दाखवले. म्हणजे मित्राची तीस फेऱ्यांची सूचना मोडीत निघाली. पूर्ण ६४ फेऱ्यांना अजून कुणी हात लावू शकलेलं नाही. मधलं अंतर ही सुरक्षिततेसाठी ठेवलेली जागा. होडी बांधताना पाण्याच्या रेषेवर लाकूड किती ठेवायचं, त्यासारखा हा वाद आहे. जास्त ठेवलं तर जड, कमी ठेवलं तर पहिल्याच वावटळीत पाणी आत.

जुन्या हॅशांचा अनुभव सावध करणारा आहे. रॉन रिव्हेस्ट यांचा एमडी५ १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला, फार जलद होता, आणि २००४ मध्ये वांग श्याओयुन आणि सहकाऱ्यांनी त्यात टक्कर दाखवली, म्हणजे दोन वेगळ्या मजकुरांना एकच ठसा. शा-१ हे १९९५ चं. २०१७ मध्ये ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय संस्था आणि गुगल यांनी एकाच शा-१ ठशाच्या दोन वेगळ्या पीडीएफ जगापुढे ठेवल्या.

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही ऐकण्यासारखं आहे. अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने शा-३ या नव्या हॅशसाठी स्पर्धा घेतली, २०१२ मध्ये केचॅक नावाचा हॅश जिंकला. ब्लेक३ चा पूर्वज ब्लेक अंतिम पाचात होता. त्यावर वर्षानुवर्षं हल्ले करून तज्ज्ञ थकले, पण पूर्ण फेऱ्यांच्या जवळपासही पोचले नाहीत. तो अनुभव धरून त्याच्या कर्त्यांनी ब्लेक२ च्या दोन प्रकारांत १६ च्या १२ आणि १४ च्या १० फेऱ्या केल्या, ब्लेक३ मध्ये १० च्याही ७. त्यांच्यातले ज्याँ-फिलिप ओमासाँ यांनी २०१९ मध्ये उघडच मांडलं की आपण गरजेपेक्षा जास्त फेऱ्या मारतोय. मला स्वतःला हे पटतं, पण अर्धंच. डिस्कवरच्या खेळांची पडताळणी करायला सात फेऱ्या मी आनंदाने वापरेन. पन्नास वर्षं टिकायला हव्या अशा सातबाऱ्याच्या नोंदीवर कुणी विचारलं तर मी जुनाट म्हातारा होईन.

कोर्टाची चौकट

शेजारच्या एका दुकानदाराच्या सीसीटीव्हीवरून हा विषय निघाला म्हणून सांगतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमानुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यात हॅशचा आकडा लिहायचा असतो. पद्धत निवडायला चौकटी आहेत. शा१, शा२५६, एमडी५ आणि इतर. पहिली आणि तिसरी चौकट तिथे का ठेवली असेल याचं मला आश्चर्य वाटतं, पण आपण शा२५६ वर खूण करावी. डिस्क आपोआप खराब झाली का एवढंच बघायचं असेल तर एमडी५ अजूनही चालतो, कारण बुरशीला टक्कर घडवता येत नाही. समोर वकील असेल तेव्हा गोष्ट वेगळी. आणि ब्लेक३ कितीही जलद असला तरी तिथे 'इतर' मध्ये लिहून समजावत बसण्यापेक्षा वीस मिनिटं जास्त गेलेली परवडली.

आधीच झालेलं काम पुन्हा न करणं ही आणखी एक वाट. बिटकॉइनच्या खाणकामात, म्हणजे नवी नाणी मिळवायला हॅशांची शर्यत लागते तिथे, तिचा कस लागतो. तिथे ८० बाइटांच्या एका मथळ्याचा शा-२५६ पुन्हा पुन्हा काढतात, दर वेळी शेवटचे चार बाइट बदलून. पहिले ६४ बाइट म्हणजे पहिला पूर्ण तुकडा. तो बदलतच नाही, म्हणून त्याच्यानंतर आठ खणांत काय उरलं ते एकदाच काढून ठेवतात आणि प्रत्येक प्रयत्न तिथून सुरू करतात. आपल्या कामात याचं घरगुती रूप म्हणजे ज्या फाइलीची तारीख आणि आकार बदललेला नाही तिचा हॅश रोजच्या बॅकअपला पुन्हा काढायचा नाही. पण डिस्क कुजली का हे बघायचं असेल तेव्हा ही पळवाट बंद. कुजताना डिस्क तारीख बदलत नाही.

आणि पासवर्डच्या बाबतीत सगळा बाजारच उलटा. पासवर्ड तसाच न ठेवता त्याचा हॅश ठेवायचा असतो. तिथे जलद हॅश म्हणजे चोराची सोय, कारण तो सेकंदाला कोट्यवधी पासवर्ड आजमावू शकतो. म्हणून १९९९ चा बीक्रिप्ट किंवा २०१५ ची स्पर्धा जिंकलेला आर्गॉन२ मुद्दाम संथ असतात. आर्गॉन२ तर भरपूर मेमरीही अडवतो, म्हणजे चोराला स्वस्तात हजारो चिपा लावता येऊ नयेत. तुमच्या पतसंस्थेच्या नाहीतर शाळेच्या सॉफ्टवेअरमध्ये पासवर्ड नुसत्या शा-२५६ ने ठेवलेले दिसले तर करणाऱ्याला बोलावून घ्या, आणि वेगाचं कौतुक ऐकून घेऊ नका.

मित्राने शेवटी दोन्ही ठेवले. खेळांची फाइल डिस्कवर आली की एकदाच शा-२५६ काढून वहीत आणि फोनमध्ये नोंद, आणि दर महिन्याच्या तपासणीला ब्लेक३. त्या जुन्या लॅपटॉपवरही आता एका डिस्कला एकवीस मिनिटं लागतात, म्हणजे यूएसबी ३ मधून जेवढं येतं तेवढं सगळं तो खातो आणि पुढच्या घासाची वाट बघतो. परवा पुन्हा त्याचा फोन आला. जूनमध्ये कुडाळच्या डिस्कवरचा एक खेळ जुळला नाही, घरच्यावरून परत उतरवला. आणि विचारत होता, अजून जलद होईल का. म्हटलं, आता पुन्हा केबलच बघावी लागेल.